मावशीचा काटा पंचावन्नवर

विमानं दुरुस्त करतो असं सांगितलं, की आमच्या भागात पहिला प्रश्न ठरलेला असतो. "ताशी किती पळतं?" एसटीत शेजारी बसलेला माणूस असो, लग्नात पंगतीला बसलेले पाहुणे असोत, नाहीतर दाढी करणारा न्हावी, प्रश्नात फरक नाही. त्यानंतर "ॲव्हरेज किती देतं?" आणि मग माझ्याकडे जरा संशयानं बघत, "तुमी सवता बसलाय का कवा?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी एका वाक्यात देऊ शकलो असतो, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. वेग ही फार फसवी गोष्ट आहे. माझी चाळीस-पंचेचाळीस वर्षं तिच्यामागं गेली आणि तिनं मला माझ्या सगळ्यात चांगल्या दिवशी फसवलं.

मी वडूजकडचा. सैन्याच्या विमान-कार्यशाळेत पंधरा वर्षं, मग निरनिराळ्या फ्लाइंग क्लबांत. आता सत्तरी ओलांडली, तरी परवाना जिवंत आहे आणि हात थरथरत नाहीत. आमचा परवाना म्हणजे सहीचा अधिकार. विमान उडायला लायक आहे असं नोंदवहीत लिहून मी सही करतो आणि माझ्या सहीवर दुसरंच कुणीतरी आकाशात जातं. ट्रॅक्टर बंद पडला तर बांधावर उभा राहतो. विमानाला ती सोय नाही. धंद्याबद्दल एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

वेगाचं थोडं समजावून सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. सांगलीचे एक डॉक्टर हौसेनं एकदा आमच्या विमानात बसून फिरून आले. उतरल्यावर त्यांचं तोंड वाकडं. म्हणाले, "तात्या, हायवेवर एका लाल एसटीनं आपल्याला मागं टाकलं. पैसे कशाचे घेता?" एसटीनं मागं टाकलं हे खरंच होतं. विमानातला काटा पंच्याऐंशी मैल दाखवत होता तेही खरं होतं. विमान हवेत पोहत असतं आणि ती हवाच त्या दिवशी समोरून ताशी तीस-पस्तीस मैलांनी येत होती. जमिनीवरून बघणाऱ्याला उरला पन्नास. पण विमानाला पंखाखालून जाणारी हवाच कळते, जमिनीशी त्याचं देणंघेणं नसतं. हवेतला वेग चाळीसच्या खाली गेला की आमच्यासारखं जुनं हलकं विमान तरंगायचं सोडतं आणि सरळ पडतं. म्हणून तो काटा जपायचा. फोनवरचा नकाशा जो वेग दाखवतो तो जमिनीचा. वारा असेल तर त्यावर विसंबणं जीव घेऊ शकतं.

आता ज्यांची गोष्ट सांगायची त्या दोघींकडे येतो.

वाळवा तालुक्यात कृष्णेकाठी एक मोठे बागायतदार आहेत. त्यांना सगळे दादासाहेब म्हणतात. वडिलांच्या काळी उसातच एक धावपट्टी काढलेली, साडेचारशे मीटर लांब. एका टोकाला आंब्याची झाडं, दुसऱ्या टोकाला कॅनॉलचा बांध. दादासाहेबांनी दोन जुनी विमानं जमवली. एक पुष्पक, आपल्याकडंच बनलेलं, कापडानं मढवलेलं. दुसरं अमेरिकेतलं, नुसत्या ॲल्युमिनियम पत्र्याचं, आरशासारखं चकचकीत. पुष्पकला आम्ही मावशी म्हणायचो, कारण ती कुणालाही सांभाळून घ्यायची. दुसरीचं नाव चांदी. दोघी माझ्याहून थोड्याच लहान. आणि दोघींच्या नाकात एकाच जातीचं इंजिन, नव्वद घोड्यांचं.

भांडणाचं मूळ तेच. चांदी एकशे तीन मैलांनी जायची. मावशी पंच्याऐंशीच्या आसपास.

"तात्या," दादासाहेब म्हणायचे, "इंजिन तेच, घोडी नव्वदच. मग मावशी मागं का ऱ्हाती? तुमी खोललेलं हाय ते इंजिन."

शेवटच्या वाक्यात सगळं आलं. मावशीचं इंजिन मी पाच महिने खपून पुन्हा बांधलं होतं. चांदीचं बाहेरून तयार होऊन आलेलं. म्हणजे माझ्या हातून अठरा मैल कुठंतरी सांडले, असा त्यांचा हिशोब. मी त्यांना कॅनॉलवर नेलं. वाहत्या पाण्यात तळहात आडवा धरायला लावला, मग उभा धरायला लावला. म्हटलं, हात तोच, जोर तोच, पण पाणी कुठं जास्त ढकलतंय? मावशीचा पंख जाड, त्याखाली आधाराच्या दांड्या, कापडाच्या शिवणी, चाकांच्या उघड्या तंगड्या. हवा या सगळ्याला अडते. शिवाय वेग दुप्पट हवा तर घोडी जवळजवळ आठपट लागतात. शेवटचे अठरा मैल सगळ्यात महाग असतात. त्यांनी हात पुसला, मान हलवली आणि चार दिवसांनी पाहुण्यांसमोर परत तेच. "आमच्या तात्यांचं इंजिन जरा मऊ हाय."

मऊ. हा शब्द मला घरी जेवताना आठवायचा. मी रागीट माणूस आहे, बायको गेल्यापासून तर जास्तच. एक दिवस मी म्हणालो, "दादासाहेब, तुलना करूया. दोघींना एका वेळी वर पाठवू. पेट्रोल सारखं मोजून, वजन सारखं, इंजिनाचे मिनिटाचे फेरे सारखे. कारखान्याच्या धुराड्यापासून नदीच्या पुलापर्यंत जायचं आणि यायचं, म्हणजे वाऱ्याचा फायदा-तोटा फिटतो. सगळ्यांसमोर."

"दसऱ्याला करा," ते म्हणाले. "पाव्हणं असत्यात."

चांदी उडवायला कॅप्टन शिकलगार होते. मिरजेकडचे, वय पासष्ट. उभ्या आयुष्यात पिकांवर फवारणी करणारी विमानं उडवलेला माणूस. उसाच्या शेंड्यावरून हातभर उंचीनं जायची सवय. बोलणं कमी. मावशीला ऋतुजा होती. शिराळ्याची मुलगी, तिशीला आलेली, मोठ्या विमान कंपनीत सहवैमानिक. दीडशे माणसं घेऊन देशभर फिरायची. सुट्टीला आली की आमच्याकडं यायची. तिच्या कामाच्या विमानात एका वेगासाठी तीन-तीन यंत्रं आणि सगळी आकड्यांत बोलणारी. मावशीसारखं शेपटाखालच्या चाकावर बसणारं विमान तिनं जेमतेम दहा तास उडवलेलं. ती मला काका म्हणायची आणि माझं सगळं ऐकायची. मला मुलगी नाही. असती तर अशी चालली असती.

खंडेनवमीला आम्ही हत्यारांची पूजा करतो. पाने, हातोड्या, टॉर्क रेंच सगळं पुसून पाटावर मांडायचं आणि मग दोन्ही विमानांना झेंडूच्या माळा. दादासाहेबांच्या घरचे फोटो काढणार होते म्हणून मी मावशीवरचं सगळं आच्छादन काढलं. डाव्या पंखाच्या पुढं एक नळी असते, पेन्सिलीएवढी, तोंड समोर उघडं. पिटो म्हणतात तिला. समोरून येणारी हवा तिच्या तोंडातून आत शिरते आणि त्या दाबानं वेगाचा काटा हलतो. एवढ्या लहान भोकावर सगळा कारभार असल्यानं जमिनीवर तिला कायम लाल कापडी टोपडं घालतात. फोटोत ते फडकं बरं दिसेना, म्हणून तेही काढलं. मग ताट घेऊन मी एकेका जागी हळद-कुंकू लावत गेलो. नाकावरच्या पंख्याला, चाकांना, पंखाच्या कडेला. कुंकू पाण्यात कालवलेलं, वर अक्षता. नळीच्या तोंडालाही लावलं, मनापासून लावलं. उद्या माझी अब्रू हिच्याच हातात, असं मनात आलं होतं. चांदीपाशी गेलो तर कॅप्टन म्हणाले, "तात्या, पंख्याला लावा, चाकाला लावा. टोपडं राहू द्या." मी हसलो आणि त्यांचं ऐकलं. मावशीपाशी मात्र परत गेलो नाही.

दसऱ्याच्या सकाळी माझी तपासणी सुरू झाली. ही फेरी मी हजारो वेळा मारलेली. पंखा, तेल, केबली, बिजागऱ्या. डाव्या पंखापाशी आलो तर नळीचं तोंड लाल, वाळलेलं. माझ्या हातात ओलं फडकं होतं. हात वर गेला आणि थांबला.

आमच्यात लावलेलं कुंकू आपल्या हातानं पुसत नाहीत. आपोआप जाईल तेव्हा जाईल. त्यातून दसऱ्याची सकाळ, त्यातून ज्या विमानावर माझी सगळी इभ्रत लावलेली, त्याच्या तोंडावरचं कुंकू मी पुसायचं? भोक मोकळं दिसत होतं का, असं आज कुणी विचारलं तर खरं उत्तर आहे, की मी तेवढं बघितलंच नाही. लाल रंग बघितला, मनात नमस्कार केला आणि पुढच्या बिजागरीकडे गेलो. नोंदवहीत सही केली. पायलटनंही एक फेरी मारायची असते. ऋतुजानं मारली आणि चढून बसली. "काका, काटा आळशी आहे ना हिचा?" तिनं विचारलं. मीच तिला मागं तसं सांगितलं होतं. "आळशी हाय, पण येतो जाग्यावर," मी म्हणालो.

दोन्ही उडाल्या. धावपट्टीच्या कडेला मांडव घातला होता. दादासाहेब, त्यांचे वीसेक पाहुणे, चहा, आणि माझ्या हातात लहान रेडिओ. दोन्ही विमानांतलं बोलणं मांडवात सगळ्यांना ऐकू यावं म्हणून दादासाहेबांनी मला त्याचा आवाज मोठा करायला लावला. पेट्रोल दोघींत सारखं आणि बेताचं, पाऊण तासाचं, म्हणजे वजनाचा वाद नको. पहिल्या फेरीत मावशीनं चोवीसशे फेऱ्यांवर जायचं, कॅप्टननी आपला वेग कमी करून तिच्या बरोबरीनं राहायचं आणि दोघांनी आपापला काटा सांगायचा. दुसऱ्या फेरीत चांदीनंही चोवीसशेवर पळायचं.

धुराडं ओलांडल्यावर ऋतुजाचा आवाज आला. "फेरे चोवीसशे. काटा पंचावन्न."

मांडवात कुणीतरी हसलं. दादासाहेब माझ्याकडं वळले. "पंचावन्न, तात्या. माझी जीप जाती की."

माझ्या कानशिलात आग झाली. पाच महिने, एकेक झडप हातानं घासलेली. मला वाटलं आत्ता या रेडिओचा दगडावर चुराडा करावा. तेवढ्यात कॅप्टनांचा आवाज आला, नेहमीसारखा सपाट. "मी तिच्या शेजारी आहे. दोघं बरोबर चाललोय. माझा काटा शहाऐंशी."

शहाऐंशी. म्हणजे मावशी शहाऐंशीनं जात होती. नव्वद घोड्यांत, जाड पंखाच्या कापडी विमानानं जेवढं जायला पाहिजे तेवढंच. माझं इंजिन निर्दोष. खोटं सांगायचं नाही, मला पहिल्यांदा आनंद झाला. मी दादासाहेबांकडं बघून तोंडही उघडलं. ते वाक्य ओठावर असतानाच डोळ्यांसमोर ती लाल नळी आली आणि मी तोंड मिटलं.

इंजिन खरं, तर काटा खोटा. आणि त्या काट्यावर भरवसा ठेवून त्या मुलीला साडेचारशे मीटरच्या पट्टीवर उतरायचं होतं.

मी रेडिओ तोंडाशी नेला. मांडवातले सगळे ऐकत होते. काय बोललो ते शब्द मला पाठ आहेत. "ऋतुजा, काटा जरा चुकतोय. तुलना रद्द. खाली ये."

"किती चुकतोय काका?"

"तीस कमी दावतोय. तीस मिळव."

का चुकतोय ते मी सांगितलं नाही. दादासाहेब शेजारी उभे होते, पाहुणे होते, आणि मला वाटलं, काय गरज आहे, उतरल्यावर नळी मुकाट्यानं साफ करीन. तीस मिळव म्हटलं की काम झालं. अर्धं सांगून भागेल असं मला वाटलं, आणि त्या अर्ध्या सांगण्यानंच तिला मारलं असतं. अर्धवट तुंबलेली नळी कधी पुरी तुंबेल सांगता येत नाही. पुरी तुंबली की काटा वेग दाखवायचा सोडतो. मग तो उंचीबरोबर हलतो: विमान खाली यायला लागलं की काटाही खाली येतो, वेग कितीही असो. ही गोष्ट मी शिकाऊ पोरांना फळ्यावर शिकवलेली आहे.

ती आंब्याच्या बाजूनं आली. लांबूनच मला दिसलं, नाक खाली आहे आणि फार जोरात येते आहे. तिच्या काट्यावर पस्तीस असते तर मनात तीस मिळवून पासष्ट, म्हणजे उतरायचा बरोबर वेग, झाला असता. पण ती जशी खाली येत होती तसा काटा तीस, पंचवीस असा उतरत होता. वेग संपतोय असं समजून ती नाक आणखी दाबत होती. नाक दाबलं की आणखी खाली, आणि खाली आलं की काटा आणखी कमी. अर्धी पट्टी संपली तरी चाकं टेकायचं नाव नाही. मावशी जमिनीपासून डोकाभर वर, सुसाट तरंगत माझ्यासमोरून गेली. मला तिचं तोंड दिसलं. डोळे आत, डायलवर. समोर कॅनॉलचा बांध.

"इंजिन," कॅप्टन रेडिओवर म्हणाले. "पूर्ण इंजिन. वर."

इंजिन गरजलं. चाकं बांधावरच्या गवताला लागलेली मी बघितली. पलीकडच्या उसाचे शेंडे हलले आणि मावशी हळूहळू वर चढली. मांडवात एक बाई रडायला लागली होती. दादासाहेब माझा दंड धरून उभे होते, मला दुखत होतं पण सोडवून घ्यावंसं वाटलं नाही.

रेडिओवर तिचा श्वास ऐकू येत होता. "काका, काटा वीस दाखवत होता. विसाला विमान उडत नाही. आता चढतेय तर परत वाढतोय. काय चाललंय?"

"ऋतुजा," कॅप्टन म्हणाले, "काट्याकडं बघू नको. मी शेजारी येतो, माझ्याबरोबर उतर."

"सर, तुमचा काटा बरोबर कशावरून? दोनपैकी एक चुकतोय, कुठला ते मला कळायला पाहिजे. पेट्रोल पंधरा मिनिटांचं असेल." तिचा आवाज चढला नव्हता, ते जास्त भीतिदायक होतं. "काका, तुम्ही सांगा. तुम्हाला नक्की माहीत आहे?"

मोठ्या विमानांच्या पायलटला यंत्र सोडून द्यायला शिकवलेलं नसतं. कारण कळल्याशिवाय ती डायलवरून नजर काढणार नव्हती, आणि दुसऱ्यांदाही तसंच आली असती तर बांधाला धडकली असती, नाहीतर घाबरून नाक वर ओढून पट्टीच्या आधीच पडली असती. ते कारण सांगू शकणारा माणूस सगळ्या जगात मी एकटा होतो. दादासाहेबांची बोटं माझ्या दंडात रुतलेली होती. समोर वीस माणसं होती.

मी म्हणालो, "नक्की माहीत हाय. काल पूजेला मी त्या नळीच्या तोंडात कुंकू लावलंय, अक्षता लावल्यात. सकाळी मला दिसलं व्हतं. मी पुसलं न्हाई. पुसलं न्हाई आन् सही केली. नळी तुंबलीय पोरी. तुझा काटा आता वेग दावत न्हाई, उंची दावतोय. कॅप्टनचा खरा हाय."

रेडिओवर काहीच आलं नाही. एक, दोन, तीन, चार सेकंद. तेवढ्या वेळात मी काय काय झालो ते मला सांगता येणार नाही. माझ्या दंडावरचा हात सुटला.

मग तिचा आवाज आला. "ठीक आहे. डायलवर हातमोजा लावतेय. सांगा."

मी माझी वही काढली. इंजिन बांधल्यावर मावशी पहिल्यांदा उडाली तेव्हापासून मी दोघींचे आकडे लिहून ठेवले होते, दादासाहेबांच्या तोंडावर मारण्यासाठी: किती फेऱ्यांवर कोण किती जातं. त्याच वहीतून वाचलं. "फेरे पंधराशे ठेव. नाक क्षितिजाच्या चार बोटं खाली. मावशी पासष्टनं उतरंल. कॅप्टन, चांदीला पासष्टला सोळाशे ठेवा, फ्लॅप एक खूण."

"सोळाशे. एक खूण," कॅप्टन म्हणाले.

इंजिन तेच, पण दोघींचं अंग वेगळं. सारख्या फेऱ्यांवर चांदी पुढं निघून गेली असती आणि फ्लॅप, म्हणजे पंखामागची वेग मारणारी फळी, उघडल्यावर मागं पडली असती. दोघींना एका वेगात बांधायचं तर प्रत्येकीला आपापला आकडा द्यावा लागतो. इतके दिवस मी ज्या फरकावरून भांडलो, तोच फरक आता तोंडानं मोजून देत होतो.

दोघी वळून आंब्याच्या पलीकडं गेल्या. चांदी डावीकडं, किंचित पुढं. ऋतुजा डावीकडच्या सीटवर बसते, तिला कॅप्टन खिडकीतून सरळ दिसत होते. रेडिओवर फक्त त्यांचा आवाज. "पासष्ट. पासष्ट. जरा मागं पडतेस, शंभर फेरे वाढव. पासष्ट. छान. पासष्ट." आंब्यांवरून दोघी शेजारी शेजारी आल्या, एक कापडाची, एक पत्र्याची, मध्ये तीस-चाळीस मीटर. इतकी वर्षं या धंद्यात आहे. दोन विमानं इतकी बरोबरीनं उतरताना मी बघितलेली नाहीत, आणि मला ती धड बघताही येत नव्हती कारण डोळ्यांत पाणी आलं होतं.

"आता पट्टी तुझी," कॅप्टन म्हणाले आणि चांदी इंजिन वाढवून डावीकडं वर निघून गेली.

"इंजिन बंद कर," मी म्हणालो. "लांब बघ. पट्टीच्या त्या टोकाला बघ. नाक धरून ठेव, धरून ठेव, तिला सवताहून बसू दे."

मावशी एकदा आपटली, उडाली, परत बसली. शेपूट टेकलं. थोडी डावीकडं गेली, सरळ झाली, आणि बांध चाळीस पावलांवर असताना थांबली. पंखा फिरायचा बंद झाला तरी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे तिकडं पळत गेले. मला पळता आलं नाही, चालत गेलो.

दुपारी पाहुणे जेवायला गेल्यावर मी नळी उतरवली. पहिल्या वळणावर कुंकवाचा घट्ट चिखल आणि त्यात एक तांदूळ, असा बसलेला की सुईनं काढावा लागला. नोंदवही उघडली तेव्हा दादासाहेब आले. त्यांचा चेहरा उतरला होता. "तात्या, कुंभारीण माशीनं घर केलं व्हतं म्हणून लिवा. लय ठिकाणी करत्यात. पूजेनं असं झालं म्हणलं तर लोक नाय नाय ते बोलत्याल, आन् तुमचा परवाना बी जाईल." माश्या नळीत मातीचं घर करतात हे खरं आहे. कुणी शंका घेतली नसती. मग ते म्हणाले, "इंजिन चांगलं हाय तुमचं. मीच चुकीचं बोलत व्हतो."

हे वाक्य ऐकायला मी इतके दिवस जीव टाकला होता. त्या वेळी ते मला गिळता येईना की थुंकता येईना. मी जे झालं ते तसंच लिहिलं: काय लावलं, कुणी लावलं, कधी दिसलं, का पुसलं नाही. खाली सही केली. परवान्याचं काय व्हायचं ते वरच्या लोकांनी ठरवावं, असं पत्रही पाठवलं. अजून उत्तर आलेलं नाही. तोवर मी कुठल्याही विमानासाठी सही करत नाही.

संध्याकाळी उन्हं उतरताना ऋतुजा शेडमध्ये आली. सोनं द्यायला आली होती, आपट्याची पानं हातात. मी मान वर केली नाही. म्हटलं, "पोरी, त्या चार सेकंदांत तू गप्प झालीस. मला शिव्या दिल्या असत्यास तरी चाललं असतं."

ती माझ्यासमोर उपड्या बादलीवर बसली. मग म्हणाली, "काका, मी रागावून गप्प नव्हते. सकाळी फेरी मारताना मलाही ते दिसलं होतं. भोक बुजलंय असं वाटलंही होतं. हात वर केला होता मी पुसायला."

"मग?"

"मग म्हटलं, तुमी लावलंय." तिच्या तोंडून एरवी शुद्ध येणारं ते 'तुम्ही' त्या वेळी शिराळ्याचं झालं. "तुमी लावलंय म्हणजे बघूनच लावलं असणार. म्हणून हात जोडले आणि पुढं गेले."

कुणी माझ्यावर एवढा भरवसा ठेवावा म्हणून मी आयुष्य घालवलं. तो भरवसा असा समोर बसलेला बघून मला उठून जावंसं वाटलं. तिनं पानं पुढं केली. मी ती घेतली, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मला जे सांगायचं होतं ते दमादमानं सांगितलं.

"इथनं फुडं माझा हात कुठं लागलेला दिसला, तर ते आधी पुसायचं. मग बघायचं. मग उडायचं."